वाचक विचारतात : सोलापुरातला रॉक अल्बम

प्रश्न : आमची आठ गाणी तयार आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत ड्रम रेकॉर्ड करायचेत, पण भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत. चारही भिंतींना चादरी लावल्या तर आवाज थांबेल का? – एक वाचक, अशोक चौक

उत्तर : थांबणार नाही. मागांची धडधड जमिनीतून आणि भिंतीतून येते, तिला कापड अडवू शकत नाही. माग बंद असतील ती वेळ शेजाऱ्यांना विचारून ठरवा, त्याहून स्वस्त इलाज नाही. आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत रेकॉर्डिंग ठेवूच नका.

चादरीचं काम वेगळं. रिकाम्या खोलीत टाळी वाजवल्यावर जी झणझण उमटते ती, आणि सिंबलची (ड्रम सेटमधल्या धातूच्या थाळीची) धार, चादर शोषून घेते. भिंतीला ताणून ठोकली तर निम्मा फायदा वाया जातो. भिंतीपासून चार इंच सोडून दोरीवर दुहेरी टांगा, चुण्या पडू द्या. ड्रमरच्या मागची भिंत आणि डोक्यावरचा भाग एवढं पुरे. सगळी खोली गुंडाळली की वरचा आवाज मरतो, खालचा तसाच राहतो आणि ड्रम गोणीत घालून बडवल्यासारखे वाजतात.

खरी गोम खोलीच्या मापात आहे. रुंदी दहा फूट आणि स्लॅबही दहा फुटांवर असेल, तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन्ही दिशांनी एकदम फुगतो. एका जागी किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) घुमते, दोन पावलांवर गायब होते. म्हणून सेट बरोबर मधोमध मांडू नका. फूटभर पुढेमागे सरकवत किक कुठे भरीव लागते ते रेकॉर्ड करून ऐका. कोपऱ्यांत चार इंच जाडीचं रॉकवूल (दगडी लोकरीची पाटी) कापडात शिवून उभं करा. ते जमत नसेल तर कापसाच्या गाद्यांच्या वळकट्या ठेवा, थोडा तरी फरक पडतो.

माइक चार पुरतात : किक, स्नेअर (समोरचा कडकडीत आवाजाचा ड्रम) आणि वर दोन. वरचे दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर हवेत, साधारण साडेतीन फूट. सुतळीने मोजा, अंदाज नको. एका फुटाचा फरक राहिला तर एका माइकात आवाज ०.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मोबाइलच्या एकाच स्पीकरवर दोन्ही मिसळले की ५६५ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि स्नेअरचं अंग जातं. मग शिव्या खातो मिक्सिंगवाला! सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा आणि सर्वांत जोराचा फटका मीटरवर उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मे महिन्यात पंखा बंद करून टेक घेता तेव्हा खोली तापते, हेड (ड्रमवरचे ताणलेले पडदे) सैल पडतात. दर टेकआधी सूर तपासा.

प्रश्न : गिटार जोडली की घूं असा आवाज येतो. गिटार बदलू का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी कारण शोधा. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर गिटारच्या आतलं शिल्डिंग (बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारं आवरण) अपुरं आहे. गिटार घेऊन जागेवर फिरताना कमीजास्त होत असेल तर सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज टिपणारं एका वेटोळ्याचं चुंबक) जवळचा ट्रान्सफॉर्मर किंवा दिव्याचा डिमर पकडतोय, लांब सरका. लॅपटॉपचा चार्जर काढताच आवाज गेला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी जोडल्या गेलेल्या अर्थिंगचा गोंगाट. टेक बॅटरीवर घ्या, किंवा सगळी यंत्रं एकाच बोर्डावर जोडा. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जिवावर बेतेल.

प्रश्न : अल्बम येऊन दोन महिने झाले. मित्रांपलीकडे कुणी ऐकत नाही, आणि एका परीक्षणात ‘शब्दच कळत नाहीत’ असं आलं. पुन्हा मिक्स करून टाकावा का? – एक वाचक, होटगी रोड

उत्तर : परीक्षण मनावर घ्या, पण सगळा अल्बम उकरू नका. नव्या मिक्सला नवा आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) लागतो, जुने प्ले त्याला मिळत नाहीत. शब्द बुडतात ते बहुधा गिटारमुळे. दोन्ही बाजूंच्या गिटार २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल खाली घ्या. डिस्टॉर्शनही (गिटारचा फाटका, खरखरीत आवाज) कमी ठेवा; दोनदा वाजवून जोडलेली कमी डिस्टॉर्शनची गिटार जास्त भारदस्त लागते. गायकाला सांगा, स्वर ओढ, व्यंजन नको. जोडाक्षरावर सूर लांबवला की शब्द तुटलाच.

स्पॉटिफायच्या संपादकांकडे फक्त प्रकाशित न झालेलं गाणं पाठवता येतं, तेही किमान सात दिवस आधी. म्हणजे हा अल्बम त्या दारातून गेला. पुढचं एक गाणं सुटं काढा, तीन-चार आठवडे आधी पाठवा. निर्वाणा या अमेरिकन बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ अल्बमचं पहिलं गाणंही अल्बमच्या दोन आठवडे आधी आलं होतं, आणि अल्बम सप्टेंबर १९९१ मध्ये आल्यावर बिलबोर्डच्या यादीत १४४ व्या क्रमांकावर शिरला, पहिला क्रमांक मिळाला जानेवारी १९९२ मध्ये. दोन महिन्यांत निकाल लावायची घाई नको.

प्ले मात्र विकत घेऊ नका. २०२४ पासून वर्षात हजार प्ले न झालेल्या गाण्याला स्पॉटिफाय पैसे देत नाही, म्हणून मोह होतो. पण खोटे प्ले पकडले गेले तर मोजणीतून काढतात आणि गाणंही काढून टाकलं जाऊ शकतं. परीक्षकाला लिंकसोबत देवनागरीत गीतं पाठवा आणि गाण्याच्या नावाचं रोमन स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. नाहीतर शोधणाऱ्याला सापडणारच नाही.

प्रश्न : मास्टर, म्हणजे गाण्याची शेवटची फाइल, किती मोठ्या आवाजाची ठेवावी? – एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : स्पॉटिफाय सगळं उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणतं. रॉक त्याहून मोठा ठेवलात तरी चालतो, फक्त ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत उंच खरं टोक) उणे २ डेसिबलच्या खाली ठेवा, नाहीतर फाइल दाबली जाताना सिंबल चरचरतात.