प्लास्टिकवर विसंबू नका, ताई

दिंडोरीकडे नवीन द्राक्षबाग घेतलेल्या ताईंचा प्रश्न आहे की मार्चमध्ये माल तोडणीला आलेला असताना गारपिटीचा इशारा आला, तर मांडवावर प्लास्टिक पेपर टाकून भागेल का?

नाही भागणार. पेपर पावसासाठी असतो. मणी भिजून तडकू नयेत, डाऊनी म्हणजे केवडा रोग येऊ नये, एवढंच त्याचं काम. गारेला जाळीच लागते, आणि तीही उतार देऊन ताणलेली. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत माझ्या शेजारच्या बागेवर पेपर होता. गारा खाली पडेनात, पेपरच्या झोळात साठत गेल्या. बघता बघता तारा लोंबल्या, कडेचे अँगल आत वाकले आणि अख्खा मांडव घडांसकट जमिनीवर बसला. माझी बाग उघडी होती. माल गेला, पण मांडव उभा राहिला. यात शहाणपण काही नव्हतं, पेपर घ्यायला पैसेच नव्हते.

आपल्याकडे हे संकट बहुतेक दुपारनंतरच येतं. तापलेली जमीन, समुद्रावरून आलेली ओल आणि वर पश्चिमी झंझावाताची थंड हवा यांची गाठ पडली की ढग उभे वाढतात. सकाळपासून पान हलत नसेल, घामाच्या धारा लागल्या असतील, तर दुपारच्या आत तोडणी उरकून घ्या. तोडलेले क्रेट बांधावर ठेवू नका. उन्हाळ कांदा काढून पडला असेल तर तोही आधी झाका. मजुरांना ढग गडगडताच बागेबाहेर काढा, लोखंडी मांडवाखाली वीज वाईट. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या.

गारा थांबल्यावर लगेच कात्री घेऊन आत शिरू नका. आधी फोटो काढा, तारीख-वेळ-ठिकाण दिसेल असे: फुटलेले मणी, सोललेल्या काड्या, खाली पडलेला पाला. विम्याला 72 तासांच्या आत कळवावं लागतं. आणि फळपीक विम्यात गारपिटीचा हप्ता वेगळा असतो, तो भरलाय का हे आजच पावतीवर बघा. तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला येईपर्यंत एखादी ओळ तशीच ठेवा. मी एकदा घाईघाईत सगळं साफ केलं. मग पंचनाम्यात लिहिणार काय?

त्यानंतर फुटलेले मणी विरळणीच्या कात्रीने काढा. एक सडका मणी दोन दिवसांत सगळा घड नासवतो. फवारणी मात्र सल्लागाराला विचारूनच. तोडणीच्या तोंडावर औषधाचा अंश राहिला तर निर्यातीचा माल परत येतो. जिथे मालच उरला नाही तिथे काड्यांच्या जखमांवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, घ्या. एप्रिलची खरड छाटणी घेताना गारेचा मार बसलेले ओलांडेही (वेलीचे आडवे मुख्य फाटे) नीट तपासा.

जाळीचा खर्च मोठा आहे, मान्य. मीसुद्धा अजून अर्ध्याच बागेवर टाकलीये, पश्चिमेकडच्या.