त्याला घरात काय म्हणता?

“शाळेत पोरं त्याला लंगड्या म्हणतात. हा शब्द त्याच्या कानावर पडू नये म्हणून काय करू, मॅडम?” असं विचारणाऱ्या आया माझ्याकडे नेहमी येतात. सारंगची आईही हेच विचारत आली होती. (नाव अर्थातच बदललंय.) सारंग तिसरीत. दोन्ही पायांना स्प्लिंट, चालताना टाचा उचललेल्या, निदान सेरेब्रल पाल्सी.

मी विचारलं, “घरात तुम्ही काय म्हणता?”

“काहीच नाही. त्याच्यासमोर तो विषयच काढत नाही आम्ही.”

पण शब्द घरातही होतेच. बाबा ऑफिसात सांगायचे, “जरा अशक्त आहे, मोठा झाला की होईल ठीक.” आजी म्हणायची, “पायात जोर कमी आहे त्याच्या.” आणि सोसायटीतलं कुणीतरी हमखास विचारायचं, “पोलिओ का? डोस पाजले नव्हते का गं?” भारत 2014 मध्येच पोलिओमुक्त जाहीर झाला, सारंगचा जन्म त्यानंतरचा. तरी एका पिढीला पायाचं दुसरं कुठलं दुखणं माहीतच नाही, आणि ठपका येतो तो आईवर.

नंतर सारंगशी एकट्याशी बोलले. तो चित्र रंगवत होता. “तुझे पाय असे का आहेत, तुला काय वाटतं?” मान वर न करता म्हणाला, “मी दूध पीत नाही म्हणून.”

त्याला विचारूनच हे त्याच्या आईला सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती हिशेब मांडायला लागली. सकाळी बदामाचं दूध, संध्याकाळी खारीक पूड घालून, शिवाय नाचणीचं सत्त्व. “पी, म्हणजे पायात ताकद येईल,” असं घरातला प्रत्येक जण त्याला येता-जाता सांगत होता.

‘अशक्त’ हा शब्द मवाळ वाटतो, म्हणून घरं त्याला धरून बसतात. पण अशक्तपणा खाऊनपिऊन जातो, ही आपली पक्की समजूत. मग जो बरा होत नाही, त्याचंच काहीतरी चुकत असणार, असं मूल ठरवून मोकळं होतं. सेरेब्रल पाल्सीत जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागाला इजा झालेली असते. सारंगच्या प्रकारात स्नायू ताठ राहतात. ती इजा पुढे वाढत नाही आणि दुधाने भरूनही येत नाही. फिजिओथेरपी, स्प्लिंट, काहींना शस्त्रक्रिया, यांनी चालणं सुधारू शकतं.

मग आम्ही तिघांनी एक वाक्य तयार करायला घेतलं. आईने सुचवलं, “माझे पाय स्पेशल आहेत.” सारंगने नाक मुरडलं. “स्पेशल तर थाळी असते.” शेवटी त्याचं त्यानेच केलं: “मेंदूचा निरोप माझ्या पायांना नीट पोचत नाही, म्हणून ते ताठ राहतात. त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात.” कुणी नुसतं विचारलं तर हे सांगायचं, कुणी चिडवलं तर बाईंना सांगायचं. यातला फरक मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतो.

आईने कुठेतरी वाचलं होतं की दिव्यांगाचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर 2016 च्या कायद्यात शिक्षा आहे. आहेच. पण समोरचा आरोपी आठ वर्षांचा! तिथे वर्गशिक्षिकाच पुरे. त्यांच्याशी बोलताना कळलं की त्या स्वतःच रोज मैदानावर म्हणायच्या, “बिचाऱ्याला बसू दे, त्याला लंगडी जमणार नाही.” आता सारंग गुण लिहितो आणि आउट कोण झालं यावर भांडतो. ‘लंगड्या’ पूर्ण थांबलेलं नाही, एक मुलगा अजून म्हणतो.

घरात मात्र वेगळीच पंचाईत झाली. बाबा फोनवर कुणाला तरी “लंगडी सबब देऊ नकोस” म्हणाले आणि जीभ चावली. सगळं घर गप्प. एवढं जपून बोलायची काही गरज नाही, हे मी सांगितलं. मुलाला टोचतं ते त्याच्याकडे बघून म्हटलेलं.

बाबांचा खरा अडसर होता प्रमाणपत्राचा. “त्यावर दिव्यांग असा शिक्का बसेल.” 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पुढे परीक्षेत जादा वेळ आणि गरज असेल तर लेखनिक मिळू शकतो, आणि त्यासाठी कागद लागतो. सारंगला मोठेपणी स्वतःला अपंग म्हणावंसं वाटेल, दिव्यांग म्हणावंसं वाटेल, की यातलं काहीच नाही, ते तो ठरवेल. बाबांनी अर्ज भरला. ऑफिसात ते अजून ‘अशक्त’च सांगतात, आणि पुढच्या वेळी मी त्यांना एकट्यांनाच बोलावलंय.