शुगर नॉर्मल आहे, मग इन्सुलिन का वाढलंय?

मागच्या वेळी फॅटी लिव्हरवर लिहिलं होतं त्यात इन्सुलिन रेझिस्टन्स हा शब्द दोनदाच आला होता, पण त्यावरच एवढे प्रश्न आले की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. सगळ्यांची पत्रं घेता येणार नाहीत, ज्या शंका परत परत आल्यात तेवढ्या घेतल्यात.

प्रश्न: माझं वय ४२. चेकअपमध्ये फास्टिंग शुगर ९७ आली आणि एचबीएवनसी (म्हणजे तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी) ५.५, दोन्ही नॉर्मल. तरी डॉक्टरांनी फास्टिंग इन्सुलिन करायला लावलं ते २२ आलं, आणि ते म्हणाले इन्सुलिन रेझिस्टन्स आहे. ट्रायग्लिसराइड २१० आहेत. घरचे म्हणतात शुगर नाही ना, मग कशाला डोक्याला ताप. कोणाचं ऐकू?

उत्तर: डॉक्टरांचं ऐका, आणि जमलं तर हे घरच्यांनाही वाचून दाखवा.

तुमची शुगर ९७ आहे हे खरंच आहे, पण ती ९७ वर राखायला तुमच्या स्वादुपिंडाला किती राबावं लागतंय ते शुगरच्या रिपोर्टात दिसतच नाही, ते त्या २२ मध्ये दिसतं. होतं काय की जेवलो की रक्तात ग्लुकोज वाढतं, मग स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, ते स्नायूच्या पेशीवर जाऊन चिकटलं की पेशीच्या आत राखून ठेवलेली बारीक बारीक दारं, त्यांना ग्लुट-४ म्हणतात, ती वर पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत जातं. आता स्नायूंमध्ये आणि लिव्हरमध्ये नको तिथे चरबी साठायला लागली की हा निरोप पेशीच्या आत मधेच अडकतो. इन्सुलिन आलेलं असतं, चिकटलेलं असतं, पण दारं पुरेशी वर येत नाहीत. हाच इन्सुलिन रेझिस्टन्स. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, त्याच्या जोरावर काम होऊन जातं आणि शुगर नॉर्मल दिसत राहते. असं वर्षानुवर्षं चालू शकतं, बऱ्याच जणांचं दहा दहा वर्षं चालतं.

तुमच्याच आकड्यांचा हिशोब करून बघा. फास्टिंग शुगर गुणिले फास्टिंग इन्सुलिन, भागिले ४०५, याला होमा-आयआर म्हणतात, १९८५ पासून वापरतात. ९७ गुणिले २२ म्हणजे २१३४, त्याला ४०५ ने भागलं की सव्वापाचच्या आसपास येतं. साधारण अडीचच्या वर गेलं की आम्ही लक्ष द्यायला लागतो, अर्थात लॅबप्रमाणे इन्सुलिनचे आकडे बदलतात त्यामुळे या एका आकड्यावर सगळं ठरवायचं नसतं, पण तुमच्याकडे सोबत ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, पण वाढलेली आहे.

ते ट्रायग्लिसराइड कुठून आले हे समजून घेण्यासारखं आहे. इन्सुलिन लिव्हरला दोन कामं सांगतं, एक म्हणजे आता ग्लुकोज बनवणं थांबव आणि दुसरं, जास्तीचं आलंय त्याची चरबी बनव. रेझिस्टन्समध्ये लिव्हर पहिलं ऐकत नाही पण दुसरं मात्र करतच राहतं, आणि इन्सुलिन भरपूर असल्यामुळे जरा जास्तच करतं. म्हणून ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल एचडीएल उतरतं, लिव्हरमध्ये चरबी बसते, आणि ही चरबी परत रेझिस्टन्स वाढवते. किडनी जास्त मीठ धरून ठेवते, ब्लडप्रेशर वाढायला तेही एक कारण. हे सगळं एकाच माणसात एकत्र सापडतं हे अमेरिकेतले डॉक्टर जेरल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये ठासून सांगितलं, त्याला त्यांनी सिंड्रोम एक्स नाव दिलं, आज आपण मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो. म्हणजे डायबेटिस व्हायच्या आधीच हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर परिणाम सुरू झालेला असू शकतो, म्हणून तुमचे डॉक्टर काळजी करतायत.

आणि बीटा पेशी कायम अशा राबू शकत नाहीत. शेवटी त्या थकतात आणि तेव्हा कुठे शुगर वर जाते, फास्टिंग १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटिस, १२६ आणि वर म्हणजे डायबेटिस. टाइप २ डायबेटिसचं निदान होतं त्या दिवशी बऱ्याच लोकांची इन्सुलिन बनवायची निम्मी ताकद आधीच गेलेली असते. तुमची अजून शाबूत आहे. तुम्हाला हे वेळेत कळलंय आणि याचा मला खरंच आनंद वाटतो.

प्रश्न: माझी मुलगी १४ वर्षांची आहे. तिची मान काळी पडलीये, मागच्या बाजूला पट्टाच आहे, काखेतही. आम्ही रोज घासून अंघोळ घालतो, क्रीम लावून झाली, आता मुलं शाळेत चिडवतात म्हणून ती केस मोकळे सोडूनच जाते. एकीने सांगितलं हे इन्सुलिनमुळे होतं. खरं आहे का?

उत्तर: ताई, आधी ते घासणं आजपासून बंद करा. तो मळ नाहीये. घासून कातडी सोलवटते, आग होते, आणि घासल्याने ती अजून जाड आणि काळी होते. माझ्याकडे अशा मुली येतात, आई कॉलर बाजूला करून दाखवते तेव्हा त्या काळ्या पट्ट्यावर घासल्याचे लाल ओरखडे असतात, आणि मुलगी खाली मान घालून बसलेली असते जणू काही तिचंच काहीतरी चुकलंय. बोट फिरवलं की तिथली त्वचा मखमलीसारखी लागते, बारीक सुरकुत्या असतात. याला अकँथोसिस निग्रिकान्स म्हणतात.

इन्सुलिन रक्तात खूप वाढलं की ते त्वचेतल्या आयजीएफ-१ नावाच्या वाढीच्या घटकाच्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवर, पण जाऊन बसतं, त्यामुळे तिथल्या पेशी भराभर वाढतात, त्वचा जाड आणि गडद होते. कारण आतून आहे, साबणाने कसं जाणार? वयात येताना तसाही थोडा रेझिस्टन्स सगळ्याच मुलामुलींमध्ये येतो आणि नंतर कमी होतो, पण मानेवर पट्टा दिसतोय म्हणजे तपासायला हवं. फास्टिंग शुगर, एचबीएवनसी, लिपिड, लिव्हरचं एसजीपीटी आणि ब्लडप्रेशर, एवढं करून घ्या. पाळी सुरू झाली असेल तर ती नियमित येते का तेही डॉक्टरांना सांगा. इन्सुलिन खाली आलं की रंग हळूहळू फिका होतो, पण महिने लागतात, आरशात रोज बघून उपयोग नाही.

आणि तिला एकटीला वेगळं जेवण, वेगळे नियम असं कृपा करून करू नका. घरातल्या सगळ्यांनी बदलायचं. गोड पेयं घरात आणायचीच नाहीत, संध्याकाळी तिला खेळायला पाठवा, झोप किमान आठ तास. चौदा वर्षांच्या मुलीला वजनावरून बोललेलं ती आयुष्यभर विसरत नाही.

(मोठ्या माणसांसाठी एक सांगते, उतारवयात हे डाग अचानक आले, पटकन पसरले आणि वजनही उतरतंय असं असेल तर थांबू नका, क्वचित ते आतल्या कॅन्सरच्या गाठीचं लक्षण असतं.)

प्रश्न: मी बारीक आहे, वजन चार्टप्रमाणे बरोब्बर. मलाही इन्सुलिन रेझिस्टन्स निघालाय. हे कसं शक्य आहे?

उत्तर: शक्य आहे. वजनकाटा चरबी किती ते सांगत नाही आणि कुठे आहे ते तर नाहीच. त्वचेखालची चरबी त्यामानाने निरुपद्रवी, पोटातली, लिव्हरमधली, स्नायूंमधली त्रास देते. कोणाची त्वचेखाली साठवायची क्षमताच जन्मतः कमी असते, त्यांच्यात थोडी वाढली तरी ती आत जाऊन बसते. टेप घ्या आणि कंबर मोजा, ती उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. स्नायू कमी असतील तरी ग्लुकोज जायला जागा कमी पडते. आणि तुम्ही स्टिरॉइडच्या गोळ्या घेत असाल तर ते आधी डॉक्टरांना सांगा, त्यानेही होतं.

प्रश्न: वय २४, पीसीओएस (अंडाशयाच्या हार्मोनचा बिघाड) आहे, पाळी दोन दोन तीन तीन महिने येत नाही, हनुवटीवर केस. प्रत्येक डॉक्टर वजन कमी कर एवढंच सांगतात. मला वाटतं की सगळा दोष माझाच आहे. मेटफॉर्मिन लिहून दिलीये पण मला डायबेटिस नाही, घ्यायची का?

उत्तर: तुझा दोष नाहीये ग. हे नीट वाच. जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं, आणि लिव्हरमध्ये त्या हार्मोनला बांधून ठेवणारं जे प्रोटीन बनतं ते कमी करतं, म्हणजे मोकळं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) दोन्ही वाटांनी वाढतं. हनुवटीवरचे केस आणि लांबलेली पाळी हे त्यातूनच. वर इन्सुलिन जास्त असताना साठलेली चरबी सहज बाहेर निघत नाही, त्यामुळे तुला वजन उतरवणं जड जातंय. बारीक मुलींनाही पीसीओएसमध्ये रेझिस्टन्स असतो. पण हेही तितकंच खरं की वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी परत यायला लागते, म्हणजे ८० किलोची ७४ झाली तरी फरक दिसू शकतो, ६० व्हायची वाट बघायची नाही.

मेटफॉर्मिन डायबेटिस नसतानाही देतात, ती मुख्यतः लिव्हरचं ग्लुकोज बनवणं कमी करते. सुरुवातीला पोट बिघडतं म्हणून जेवणासोबत आणि कमी डोसने सुरू करतात. बरीच वर्षं घेतली तर बी-१२ तपासत राहायचं. आणि जे कोणी सांगत नाही ते सांगते, पाळी सुरळीत व्हायला लागली की अंडं सुटायला लागतं, तेव्हा मूल नको असेल तर गर्भनिरोधकाचा विचार आधी करून ठेव. तीन महिने पाळी आलीच नाही तर मात्र वाट बघू नको, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: इंटरनेटवर बघून मी कार्बोहायड्रेट पूर्ण बंद केली, आठ दिवसात वैतागलो. इन्सुलिन एवढं वाईट असेल तर ते वाढूच नये म्हणून नक्की काय करायचं?

उत्तर: इन्सुलिन वाईट नाही हो. १९२१ मध्ये टोरांटोला ते सापडायच्या आधी टाइप १ डायबेटिसची मुलं, ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, डोळ्यादेखत वाळून जायची. त्याच्याशिवाय आपण जगत नाही. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थनी दाखवलं की काही डायबेटिसच्या पेशंटना इन्सुलिन देऊनही शुगर उतरत नाही, म्हणजे सगळ्यांचाच प्रश्न इन्सुलिन कमी असण्याचा नाही. पुढे १९६० मध्ये रोझलिन यॅलो आणि सोलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत काढली तर मोठ्या वयाच्या पेशंटमध्ये ते भरपूर सापडलं. तेव्हा आपल्याला सुधारायचंय ते पेशींनी त्याचं ऐकणं.

आणि तिथे स्नायू सगळ्यात कामाचे. जेवणानंतर इन्सुलिनमुळे जे ग्लुकोज रक्तातून उचललं जातं त्यातला मोठा वाटा स्नायू घेतात. वर मी ज्या दारांबद्दल लिहिलं ना, ती वर यायला इन्सुलिन हा एक रस्ता आहे, दुसरा रस्ता म्हणजे स्नायू आकुंचन पावणं, आणि हा दुसरा रस्ता रेझिस्टन्स असलेल्या माणसातही उघडा असतो. म्हणून जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं की शुगर फारशी उसळत नाही, आणि व्यायामाचा असर पुढे एक-दोन दिवस टिकतो, तेव्हा दोन दिवस सलग खाडा करू नका. आठवड्यातून दोनदा वजनं उचला, नाहीतर उठाबशा आणि भिंतीला टेकून पुशअप तरी.

अमेरिकेत प्रीडायबेटिसच्या ३,२३४ लोकांवर झालेला डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम २००२ मध्ये छापून आला. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि ७ टक्के वजन कमी, एवढंच टार्गेट होतं, तरी डायबेटिस व्हायचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. त्यात कार्बोहायड्रेट पूर्ण बंद करायला सांगितलं नव्हतं. तुम्ही आधी गोड पेयं आणि ज्यूस सोडा, जेवणात प्रोटीन आणि फायबर वाढवा, स्टार्च निम्मा करा, जे वर्षभर जमेल तेच धरा. झोपही बघा. तरुण धडधाकट मुलांना सहा रात्री फक्त चार चार तास झोपू दिलं तरी त्यांच्या शरीराची ग्लुकोज पचवायची ताकद घसरली होती, हा प्रयोग १९९९ चा आहे. तुम्ही घोरत असाल आणि सकाळी उठून डोकं जड राहत असेल तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबण्याची, तपासणी करून घ्या.

तीन महिन्यांनी परत रिपोर्ट काढा, त्याआधी नको, एचबीएवनसी साधारण तेवढ्याच काळाची सरासरी सांगतं. आणि तेव्हा इन्सुलिनच्या आकड्यासोबत ट्रायग्लिसराइड आणि कंबरेचं मापही शेजारी लिहून ठेवा, बऱ्याचदा ही दोन आधी उतरायला लागतात.