दहा वर्षांची वॉरंटी असलेला पत्रा तिसऱ्या पावसाळ्यानंतर गंजला. छपराच्या वॉरंटीत नेमके काय येते?

वेंगुर्ल्याजवळच्या आपल्या घराची कौले उतरवून आपण रंगीत पत्रा घातला, दुकानदाराने त्या वेळी दहा वर्षांची वॉरंटी सांगितली, आणि तिसरा पावसाळा सरल्यावर पागोळीकडच्या कडेला गंज धरला व दोन-तीन स्क्रूंपाशी गळती सुरू झाली, असे आपण लिहिले आहे. पत्र्याची कंपनी म्हणते की हे वॉरंटीत बसत नाही, आणि बसवणारा फॅब्रिकेटर पत्राच वाईट होता असे सांगतो. मी गुहागर तालुक्यात राहतो. माझ्या घरावरही २०१४ साली घातलेल्या पत्र्याच्या बाबतीत जवळजवळ हेच घडले होते, आणि तेव्हापासून वाडीतल्या अनेकांची वॉरंटीपत्रे मी त्यांच्यासाठी वाचून दिली आहेत. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

दुकानात जी ‘दहा वर्षांची वॉरंटी’ सांगितली जाते, ती संपूर्ण छपराची कधीच नसते. ती पत्रा तयार करणाऱ्या कंपनीने केवळ आपल्या पत्र्याविषयी दिलेली असते, आणि तीतही पोलादावरचा धातूचा लेप व त्यावरचा रंग यांच्या अटी आणि मुदती बहुधा वेगवेगळ्या असतात. लेपाच्या कलमातील शब्द नीट पाहावेत. तेथे सहसा ‘गंजून आरपार भोक पडणे’ एवढ्याचीच जबाबदारी घेतलेली असते, त्यामुळे कडेला धरलेला तांबूस गंज कितीही दिसत असला तरी तो त्या व्याख्येत येत नाही. रंगाच्या कलमात पापुद्रे सुटणे येते. सगळीकडे सारखा फिका पडणे हे मात्र ठरावीक मर्यादेपर्यंत नैसर्गिक मानले जाते. स्क्रू, त्यांचे रबरी वॉशर, आढ्यावरची टोपी, पन्हळ आणि दोन पत्र्यांचा जोड यांच्याशी या कागदाचा काही संबंध नसतो.

म्हणून आपली गळती आणि आपला गंज ही दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. स्क्रूपाशी होणारी गळती जवळजवळ नेहमी बसवणीची असते: स्क्रू तिरका गेलेला असतो, किंवा मशिनने इतका आवळलेला असतो की वॉशर चेपून बाहेर येतो आणि दोन उन्हाळ्यांत तडकतो, किंवा स्क्रूच हलक्या लेपाचा असल्याने पत्र्याच्या आधी तो गंजतो. ही जबाबदारी फॅब्रिकेटरची. परंतु आपल्याकडे हे काम तोंडी बोलीवर होते, मजुरीची पावतीही कोणी मागत नाही, आणि त्यामुळे बसवणीच्या वॉरंटीचा एक ओळीचाही कागद हाती नसतो. आपण त्यास पैसे खात्यावर पाठवले असतील किंवा मोबाईलवर कामाविषयी संदेश झाले असतील, तर ते आज जपून ठेवा.

आता गंजाकडे येतो, कारण किनाऱ्यावरच्या माणसाचे खरे नुकसान येथेच होते. जवळजवळ प्रत्येक वॉरंटीपत्रात सागरी वातावरणाचे कलम असते. खाऱ्या पाण्यापासून अमुक अंतराच्या आत घर असेल तर वॉरंटी लागू नाही, किंवा निम्म्या मुदतीची लागू, किंवा कंपनीने आधी लेखी मान्यता दिली असेल तरच लागू, असे त्यात म्हटलेले असते. हे अंतर प्रत्येक कंपनीचे निराळे असते. माझ्या कागदावर ते १ किलोमीटर होते. माझ्या घरातून समुद्र दिसत नाही, मध्ये नारळी-पोफळीचे आगर आहे, रात्री केवळ गाज ऐकू येते. तरीही तपासणीस आलेल्या माणसाने मोबाईलवरील नकाशात सरळ रेषेत अंतर मोजले आणि तेही समुद्रापासून नव्हे, तर मागच्या खाडीच्या भरतीच्या रेषेपासून. ते ६०० मीटर भरले आणि माझा दावा तेथेच संपला. विकताना कोणी हे कलम दाखवले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते, कारण मी विचारले असते तर जास्त लेपाचा पत्रा घेतला असता.

पागोळीकडची बाजूच आधी का गंजते, हेही समजून घ्यावे. खारा वारा संपूर्ण छपरावर मीठ आणून टाकतो, पण वरची बाजू पावसाने धुतली जाते. वळचणीखालची बाजू मात्र चार महिने पाऊस कोसळूनही कोरडी-दमट राहते, तिच्यावर मिठाचा थर साचत जातो आणि ते मीठ हवेतील ओल धरून ठेवते. त्यात कडेला पत्रा कापलेला असल्याने पोलाद उघडे असते. ग्राइंडरने कापले असेल तर त्या उष्णतेने कडेचा लेपही जळलेला असतो. पावसाने न धुतल्या जाणाऱ्या जागा घरमालकाने ठरावीक काळाने गोड्या पाण्याने धुवाव्यात, अशी अट अनेक वॉरंटीपत्रांत असते, आणि ती पाळली नाही एवढ्यावरूनही दावा नाकारला जाऊ शकतो.

कोकणात घडणाऱ्या इतर बहुतेक गोष्टीही वॉरंटीच्या बाहेरच असतात. नारळ किंवा झावळ पडून आलेला पोचा, वानरांच्या उड्यांनी सुटलेला जोड, पन्हळीत महिनोन्महिने कुजलेला पातेरा, भिंतीकडेला पत्र्यावर थापलेले ओले सिमेंट, भोके पाडताना उडालेला आणि न झाडलेला लोखंडी कीस, ही सारी कारणे नकारासाठी पुरतात. पोफळीवर कोळेरोगासाठी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात, त्याचे थेंब छपरावर पडू देऊ नका. त्यातील तांबे जस्त-अॅल्युमिनियमच्या लेपाचे शत्रू आहे. छपरावर सौर पॅनेल बसवण्याचा विचार असेल, तर भोके पाडण्यापूर्वी कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

वादळाने उडालेला पत्रा हा वॉरंटीचा विषय नाही, तो विम्याचा विषय आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत असंख्य घरांची छपरे गेली. त्यासाठी कंपनीकडे दाद मागण्यात अर्थ नव्हता. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही घराची प्रमाणित पॉलिसी उपलब्ध ठेवावी लागते, आणि तीत वादळ व चक्रीवादळाचे नुकसान समाविष्ट आहे.

दावा मान्य झाला तरी नवे छप्पर मिळेल असे समजू नये. भरपाई बहुधा उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात असते. उदाहरणादाखल, ६०,००० रुपयांचा पत्रा दहा वर्षांच्या वॉरंटीत सातव्या वर्षाअखेर बाद ठरला, तर तीन वर्षांचे म्हणजे १८,००० रुपये मिळतात. जुना पत्रा उतरवणे, नवा चढवणे, वाहतूक आणि खाली भिजलेले सामान हा खर्च आपलाच राहतो.

आपल्या प्रकरणात मी पुढीलप्रमाणे वागेन. गंजावर रंग मारण्यापूर्वी आणि स्क्रू बदलण्यापूर्वी जवळून व दुरून, तारखेसह छायाचित्रे घ्यावीत. पत्र्याच्या खालच्या बाजूस कंपनीचे नाव, जाडी, लेपाचा दर्जा आणि उत्पादनाचा क्रमांक छापलेला असतो, त्याचेही छायाचित्र घ्यावे, कारण आपल्याकडच्या बिलांवर ‘रंगीत पत्रा, ०.५०’ यापलीकडे काही लिहिलेले नसते. लेपाचा दर्जा ‘एझेड १५०’ असा असेल, तर त्याचा अर्थ दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम लेप. विकलेला दर्जा आणि छापलेला दर्जा यांत फरक आढळला, तर सागरी अंतराचे कलम बाजूला राहून आपला दावा फार बळकट होतो.

त्यानंतर कंपनी, दुकानदार आणि फॅब्रिकेटर या तिघांना स्वतंत्र लेखी पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि कंपनीकडून नकाराचे कलम लेखी मागावे. वॉरंटीपत्राने हात वर केले म्हणून कायदा संपत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ नुसार, आपण आपला हेतू विक्रेत्यास सांगितला असेल आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर माल त्या हेतूस योग्य असणे ही गृहीत अट असते. आपले घर किनाऱ्यावर आहे हे दुकानदारास ठाऊक होते, आणि तरीही त्याने हाच पत्रा सुचवला, हा आपला मुख्य मुद्दा असावा. मात्र विशिष्ट नाममुद्रेचाच पत्रा आपण स्वतः मागून घेतला असेल, तर हा मुद्दा दुबळा होतो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहता त्या जिल्ह्याच्याच ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि मालासाठी मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती आपोआप वाढते असे धरून चालू नये. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. माझ्या ओळखीतल्या एका दावेदारास दुकानदाराने तेवढ्यानेच नवे स्क्रू आणि कडेचे दोन पत्रे बदलून दिले.

ज्यांचे घर बिल्डरच्या प्रकल्पातील आहे, त्यांचा मार्ग निराळा आहे: रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेला बांधकामाचा दोष बिल्डरने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो, आणि स्लॅबची गळतीही त्यात मांडता येते.

तिन्ही पत्रे गेली आणि कंपनीला तपासणीसाठी वाजवी मुदत देऊन झाली, की गळती थांबवण्यास थांबून राहू नका. गळणारे स्क्रू काढून एक आकार मोठे, किनारपट्टीसाठीच्या लेपाचे स्क्रू नव्या वॉशरसह लावून घ्या, कडेचा गंज घासून जस्तयुक्त प्रायमर द्या, आणि वळचणीची खालची बाजू दिवाळीनंतर एकदा व होळीच्या सुमारास एकदा नळाच्या पाण्याने धुवा. या सर्वांच्या पावत्या त्याच फाइलमध्ये ठेवाव्यात, म्हणजे आयोगापुढे हा खर्चही मागता येईल.