पोलीस तक्रार प्राधिकरणाच्या सुनावणीला काय घेऊन जावं?

भावाला अटक न दाखवता दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं आणि मारलं, असं तुम्ही लिहिलंय. हे प्राधिकरणाच्या कक्षेत येतं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी यांसारख्या गोष्टी तिथे चालतात. 'साहेब उद्धट बोलले' एवढ्यावर वेळ घालवू नका, ते पोलीस अधीक्षकांकडे द्या.

पोलीस सुधारणांबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात बदल करून हे प्राधिकरण आणलं. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात. चौकशीत साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत.

खरी लढाई वेळेची. ठाण्याच्या स्टेशन डायरीत (रोजच्या नोंदवहीत) माणसाला आणल्याची वेळ एक असते आणि सीसीटीव्हीत दुसरीच. म्हणून आजच लेखी अर्ज देऊन त्या ४८ तासांचं फुटेज जपून ठेवायला सांगा, पोचेवर शिक्का घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये १८ महिने साठवणुकीचा आदेश दिलाय, तरी 'यंत्र बंद होतं' हे उत्तर येतंच. सरकारी दवाखान्यातला जखमांचा दाखला मूळ प्रतीत न्या. उशिरा केलेल्या तपासणीत वळ फिके पडलेले असतात आणि पोलिसांचा वकील तिथेच बोट ठेवतो.

शपथपत्रात तारीख, वेळ, बिल्ला क्रमांक लिहा. 'काही पोलिसांनी' असं मोघम नको. आणि एक लक्षात घ्या: प्राधिकरण स्वतः कुणाला निलंबित करत नाही, अहवाल शासनाकडे जातो.