सांगखलाबुरीला एक रात्र राहा, पहाट मोन गावात काढा

थायलंडमधल्या कांचनाबुरीहून सकाळी निघून रात्री परत, अशा एका दिवसात सांगखलाबुरीचा लाकडी पूल आणि पलीकडची मोन लोकांची वस्ती होईल का, असं तुम्ही विचारलंय. पूल बघून होईल. वस्तीसाठी मात्र मुक्काम करा. मिनीव्हॅनला एका बाजूने चारेक तास लागतात, वाटेतल्या थोंग फा फूमच्या पुढे तर सगळा घाटच. मोन गावाची वेळ पहाटे साडेपाच ते सात. जमलं तर खोलीसुद्धा पुलापलीकडे, मोन बाजूलाच घ्या.

मी डिसेंबरात गेले होते. पुलावर आले तेव्हा धुक्यात खालचं पाणी दिसतच नव्हतं, नुसता फळ्यांवरच्या पावलांचा आवाज. समोरून एक आजी आल्या, डोक्यावर भरलेलं ताट, हात न लावता, माझ्या दुप्पट वेगाने. उजाडलं की भिक्खू रांगेने भिक्षेला निघतात. बायका चपला काढून, गुडघे टेकून पात्रात गरम भात वाढतात. पर्यटकांसाठी तयार ताटं विकायला असतात, पण आदल्या दिवशी घरमालकिणीला विचारून तिच्या शेजारी बसलात तर जास्त बरं. कॅमेरा घेऊन रांगेच्या आडवं जाऊ नका. बायकांनी भिक्खूंना स्पर्श होणार नाही एवढं बघा. त्यांचा हा रोजचा धर्म आहे, आपल्यासाठी मांडलेला कार्यक्रम नव्हे.

हे मोन लोक ब्रह्मदेशातून आलेले, आणि वर धरणग्रस्त. 1984 मध्ये खाओ लाएम धरणाचं पाणी चढलं आणि जुनं गाव विहारासकट बुडालं. उत्तम नावाच्या मोन भिक्खूंनी त्यांना सावरलं, नवा विहार उभारला. पूलही त्यांच्याच पुढाकाराने झाला, म्हणून नाव उत्तमानुसोर्न, म्हणजे उत्तम-अनुस्मरण. 2013 च्या पुरात त्याचा मधला भाग वाहून गेला, तेव्हा गावाने बांबूंचा तरंगता पूल बांधून येणं-जाणं चालू ठेवलं. नवा विहारही चुकवू नका, त्याचा स्तूप बुद्धगयेच्या महाबोधी मंदिरावरून घेतलाय. आपल्याकडून बुद्धगयेला जाऊन आलेल्याला तो लांबूनच ओळखू येईल.

मोन बायकांच्या गालावरची पिवळी नक्षी म्हणजे थनाखा, एका झाडाचं लाकूड उगाळून केलेला लेप. माझ्या घरमालकिणीने ते लाकूड दगडावर पाणी घालून उगाळलं, अगदी आपण सहाणेवर चंदन उगाळतो तसं, आणि माझ्या गालाला लावलं. थंडगार. मग केळीच्या गाभ्याच्या रश्शातल्या तांदळाच्या शेवया. मोन लोकांचा हा नाश्ता खाल्ल्याशिवाय निघू नका.

धुकं विरलं की होडीने बुडालेल्या विहाराकडे जा. मार्च-एप्रिलमध्ये पाणी ओसरलं की तिथे चालत फिरता येतं, उजनीत पळसदेवचं देऊळ उघडं पडतं तसं. पावसाळ्यानंतर पाणी चढलेलं असतं, तेव्हा होडीतूनच बघायचं.