नळाच्या पाइपला अर्थिंगची वायर जोडणं गरजेचं आहे का?

ब्रिटनमधल्या घरांच्या व्हिडिओत पाण्याच्या आणि गॅसच्या पाइपला हिरवी-पिवळी वायर क्लँपने जोडलेली दिसते, आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये तसलं काहीच नाही, मग आमचं वायरिंग अर्धवट आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी वायरिंगची कामं करतो, हा प्रश्न मलाही गिऱ्हाइकं अधूनमधून विचारतात.

आधी पाइप कशाचा आहे ते बघा. भिंतीतला पाइप सीपीव्हीसीचा आणि टाकीपासून येणारी लाइनही प्लॅस्टिकची असेल, तर बाँडिंगची, म्हणजे पाइप वायरने अर्थिंगच्या पट्टीशी जोडण्याची, गरज नाही. प्लॅस्टिकच्या पाइपवर बसलेल्या स्टीलच्या नळाला वायर जोडायला कुणी सांगितलं तर नको म्हणा. तो नळ आता जमिनीपासून तुटलेला आहे. वायर जोडून तुम्हीच त्याला जमिनीशी जोडता, आणि मग बिघडलेल्या उपकरणाला एक हात नि नळाला दुसरा, असा शॉकचा रस्ता तयार होतो.

"पण पाइपातल्या पाण्यातून करंट येतोच की!" येतो, पण फार थोडा. अर्ध्या इंची पाइपातल्या साध्या पाण्याचा रोध दर मीटर लांबीला साधारण एक लाख ओहम धरा. २३० व्होल्टला तिथून जेमतेम २ मिलिअँपिअर जातो, म्हणजे झिणझिण्या. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याला हा रोध बराच कमी पडतो. आणि गीझरला लावतात ती स्टीलची जाळी असलेली कनेक्शन पाइप आतून रबराची असली, तरी बाहेरची जाळी दोन्ही टोकांच्या नटांना जोडते. तिथे प्लॅस्टिकचा हिशोब धरू नका.

बाँडिंग लागतं ते जमिनीतून घरात शिरणाऱ्या धातूच्या पाइपला. बंगल्यात बोअरवरून येणारी जीआय लाइन हे त्याचं नेमकं उदाहरण. समजा फ्रिजच्या बॉडीत फेज उतरला. एमसीबी पडेपर्यंत बॉडीवर शंभरेक व्होल्ट येऊ शकतात, आणि शेजारचा नळ जमिनीच्या पातळीवर, म्हणजे शून्यावर असतो. दोन्हींना एकदम हात लागला की संपलं. पाइप घरात शिरतो तिथेच तो मेन अर्थिंगच्या पट्टीशी किमान ६ चौरस मिमी तांब्याच्या वायरने जोडला, तर दोन्हींचं व्होल्टेज एकदम वर जातं आणि मधला फरक किरकोळ राहतो. गॅसच्या पाइपला मात्र स्वतः हात लावू नका, कंपनीच्या माणसाला विचारा.

ब्रिटनमध्ये एवढा आग्रह का? तिथे बऱ्याच घरांना अर्थ वेगळा येत नाही, रस्त्यावरच्या केबलमधल्या न्यूट्रलवरूनच मिळतो. बाहेर तो न्यूट्रल तुटला तर घरातला अर्थच जिवंत होतो, म्हणून तिथली बाँडिंगची वायर साधारण १० चौरस मिमीची, जाडजूड असते. शिवाय जुन्या घरांत तांब्याचे पाइप. पण तिथेही २००८ पासून सगळ्या सर्किटांवर ३० मिलिअँपिअरचं आरसीडी (करंट गळला की वीज तोडणारं, आपल्याकडचं आरसीसीबी) आणि आणखी काही अटी पाळल्या, तर बाथरूममधलं जादाचं बाँडिंग वगळता येतं.

आपल्याकडचा खरा घोळ मात्र उलटा आहे, पाइपलाच अर्थिंग समजण्याचा. एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बोलावलं होतं: "वॉशिंग मशिनला हात लावला की मुंग्या येतात हो." टेस्टर लावला, मंद पेटला. डीबी (एमसीबींचा मुख्य बोर्ड) उघडला तर हिरवी वायर तिथून निघून बाथरूमच्या भिंतीत गडप. टाइल्समागे ती जीआय पाइपच्या नटाला तीन वेढे मारून गुंडाळलेली, वर गंज. कुणा जुन्या वायरमनने अर्थिंगचा खड्डा खणायचा खर्च वाचवला होता. पाइप जमिनीपर्यंत धातूचा होता तोवर ते कसंबसं चाललं. महिन्यापूर्वी सोसायटीने गळका खालचा भाग काढून तिथे प्लॅस्टिकचा पाइप टाकला, आणि एका दुपारी सगळ्या फ्लॅटचं अर्थिंग गेलं. कुणाला पत्ताही नाही.

मशिनमधल्या विजेच्या फिल्टरचे कॅपॅसिटर अर्थ नसला की बॉडीवर साधारण अर्धा व्होल्टेज आणतात, त्याच त्या मुंग्या. मला धडकी भरली ती दुसऱ्याच गोष्टीने. वरच्या मजल्यांवर उरलेला जीआय पाइप तसाच लटकत होता आणि प्रत्येक फ्लॅटची हिरवी वायर त्याला बांधलेली. म्हणजे एकाच्या गीझरचं एलिमेंट फुटलं असतं, तर सगळ्यांच्या नळात करंट उतरला असता, ज्यांनी गीझर लावलाच नव्हता त्यांच्याही.

तर बाँडिंगचं नंतर बघू, तुम्ही आधी दोन गोष्टी तपासा. डीबीत ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आहे का, आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर पडतं का. फक्त बटणाने पडलं म्हणून अर्थिंग चांगलं ठरत नाही, ते बटण अर्थ नसतानाही काम करतं. दुसरं, वायरमनला हिरवी वायर शेवटी कुठे जाते ते दाखवायला सांगा, खड्ड्यापर्यंत. "पाइपला आहे" असं उत्तर आलं तर वायरमन बदला. पाइप धातूचा आहे पण जमिनीला लागतो की नाही अशी शंका असेल, तर मेन बंद करून मेगरने (मोठा रोध मोजायचं मीटर) पाइप आणि अर्थ यांच्यातला रोध मोजायला लावा. त्यासाठी पाइपला बांधलेल्या हिरव्या वायरी आधी सोडवाव्या लागतात, नाहीतर मीटर त्या वायरीच मोजतो. ब्रिटनमधले इलेक्ट्रिशियन २२ हजार ओहमच्या खाली आला तर बाँडिंग करतात. अंगातून १० मिलिअँपिअरपेक्षा जास्त जाऊ नये, तर २३० व्होल्टला एकूण २३ हजार ओहम लागतात, त्यातून माणसाच्या अंगाचे हजार वजा.

त्या सोसायटीत आम्ही खाली नवा खड्डा घेतला, डक्टमधून प्रत्येक मजल्यावर तांब्याची वायर चढवली आणि पाइपांवरचे वेढे एकेक करून सोडवले. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी मात्र टाइल फोडू दिली नाही. त्यांची जुनी वायर डीबीतूनच कापून टाकली, भिंतीत ती अजून आहे.